विमान कुठं जाऊन आलं, हे विचारायचं नव्हतं

पुण्याजवळ धानोरीत आमच्या ओळखीचे एक काका राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं. साठच्या दशकात ते लोहगावला हवाई दलात इंजिन फिटर होते, लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांवर. त्यांच्याकडे काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्या कडा वंगणाच्या बोटांनी इतक्या काळवंडल्यात की पान उलटताना आपणही हात पुसून घेतो. आत इंजिनांचे नंबर, तारखा आणि बदललेल्या प्लगांचे आकडे. लिबरेटरच्या एका इंजिनाला 14 सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका इंजिनाचे 28 आणि चार इंजिनांचे 112. काका अजूनही हा हिशेब बोटांवर करून दाखवतात.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना सहज विचारलं, "काका, ही विमानं जायची कुठं?"

"ते आम्हाला कुठं माहीत असायला! सकाळी अंधारात चाकांखालचे चॉक काढायचे, संध्याकाळी परत आलं की गरम इंजिनाखाली ट्रे लावायचा. बारा-बारा तास बाहेर असायचं. कुठं जाऊन आलं, हे विचारायचं नव्हतं."

त्या वेळी ते बरोबरच होतं. ज्याचं काम इंजिनाशी, त्याला समुद्रावरच्या गस्तीचा मार्ग कळायची गरज नव्हती. पण लिबरेटर हवाई दलातून निवृत्त झालं 31 डिसेंबर 1968 ला. त्यालाही पन्नास वर्षं उलटून गेली. काकांनी आजही ते विचारायचं नाही, आणि विचारलं तरी कुणी सांगणारं नाही. मला हे मान्य नाही, म्हणून हा लेख.

पुण्यात या विमानांबद्दल जे काही माहीत आहे ते बहुतेक एकाच गोष्टीपुरतं आहे, कानपूरच्या. ती गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे, त्यामुळे आधी तीच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं 18 हजारांहून जास्त लिबरेटर बनवली. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून भरात असताना तासाला एक विमान बाहेर पडत होतं. त्यांतली बरीच ब्रिटिश हवाई दलाला उधारीच्या करारावर मिळाली आणि बंगालमधल्या डिगरी, साळबनी, धुबुलिया अशा तळांवरून ब्रह्मदेश, सयाम, मलायापर्यंत जाऊन बॉम्बफेक करू लागली. युद्ध संपल्यावर करारानुसार ती एकतर परत करायची होती, नाहीतर निकामी करायची होती. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर ती रांगेनं उभी करून मोडली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली, काहींच्या अंगावर ट्रक घातले.

मग 1947 चं काश्मीर युद्ध आलं. आपल्याकडे अवजड बॉम्बफेकी विमान एकही नव्हतं. डकोटा हे मालवाहू विमान, पण त्याच्याच दारातून हातानं बॉम्ब ढकलून देण्याची वेळ आली. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याला विचारण्यात आलं, की कानपूरचं ते भंगार उडवता येईल का? परदेशी जाणकारांनी अशक्य म्हणून सांगितलं होतं, असं सांगतात. कारखान्याची माणसं कानपूरला गेली. एका विमानाचं शेपूट, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन असं करत एकेक विमान उडण्यापुरतं जोडलं. तिथून बंगळूरपर्यंत दीड हजार किलोमीटर ती उडवत नेली वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. तिथं त्यांची नीट दुरुस्ती झाली. एकूण 42 विमानं अशी उभी राहिली. 2 नोव्हेंबर 1948 ला कानपूरलाच या विमानांची 5 नंबर स्क्वॉड्रन, म्हणजे तुकडी, स्थापन झाली. काश्मीरचा युद्धविराम पुढे दोनच महिन्यांवर होता.

ही गोष्ट मी लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल, सांगता येत नाही. वायुसेना दिनाला वर्तमानपत्रात येते, फोनवर फिरते, भाषणात येते. प्रत्येक वेळी तीच वाळू, तेच ट्रक, तेच 42. आणि प्रत्येक वेळी ती 1948 ला संपते. त्यानंतर ही विमानं वीस वर्षं उडली. 1 जानेवारी 1951 ला पुण्यात 6 नंबर स्क्वॉड्रन लिबरेटरवर पुन्हा उभी राहिली, सागरी टेहळणीसाठी. अठरा वर्षं ती अरबी समुद्रावर जात राहिली. या अठरा वर्षांची गोष्ट कुणाला येते?

महाराष्ट्राला हा फरक समजावून सांगायची गरज नसावी. बखर आणि दफ्तर यांतला फरक आपण शाळेत शिकलो. बखरीत पराक्रम असतो, आकडे फुगलेले असतात, आणि गोष्ट जिथं रंगते तिथंच थांबते. दफ्तरात घोड्याच्या चंदीचा हिशेब असतो, लढाईला निघालेली पण वाटेत आजारी पडलेली माणसं असतात, उधारीवर घेतलेले पैसे असतात. राजवाडे गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं गोळा करत होते ते त्यासाठीच. पुण्यातल्या पेशवे दफ्तराची दारं इंग्रज सरकारनं भारतीय अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळेपणानं उघडली नाहीत. शेवटी 1930 च्या सुमारास गो. स. सरदेसाई यांच्या हाताखाली निवडक कागद बाहेर येऊ लागले आणि 45 भाग छापून झाले. ते दफ्तर परक्या सरकारच्या ताब्यात होतं. लोहगावच्या विमानांचं दफ्तर आपल्याच सरकारच्या ताब्यात आहे.

हे दफ्तर म्हणजे काय, तेही सांगतो. प्रत्येक स्क्वॉड्रनला रोजची एक नोंदवही ठेवावी लागते. इंग्रजांकडून आलेली ही पद्धत. हवाई दलातली माणसं तिला फॉर्म 540 म्हणतात. कुठलं विमान, त्यात कोण कोण होतं, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, काम काय होतं आणि ते झालं की नाही. हवामान, बिघाड, अपघात, बदल्या, कधी कधी स्क्वॉड्रनचा क्रिकेटचा सामनासुद्धा. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ते कंटाळवाणं काम वाटत असणार. पण पन्नास वर्षांनी त्या तुकडीचं आयुष्य कळायला याहून चांगलं साधन नसतं.

ब्रिटिश स्क्वॉड्रन्सच्या महायुद्धातल्या या नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्या सगळ्यांना खुल्या आहेत. पानं घरबसल्या संगणकावर उतरवून घेता येतात. त्यांत बंगालमधून उडणाऱ्या लिबरेटरचा रोजचा जमाखर्च आहे. 159 नंबर स्क्वॉड्रननं 1944 च्या ऑक्टोबरात बंगालहून पेनांगपर्यंत, जाऊन-येऊन सुमारे तीन हजार मैल, जाऊन बंदरात पाणसुरुंग टाकले, ती मोहीम अशा नोंदींमुळेच आज माहीत आहे. अशा वह्यांत केवळ यशाची नोंद नसते. लक्ष्य ढगाखाली होतं म्हणून बॉम्ब परत आणले, इंजिन बंद पडलं म्हणून अर्ध्या वाटेतून फिरलो, अमुक विमान परत आलं नाही, हेही त्याच कोरड्या भाषेत लिहिलेलं असतं. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर या विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा खाली त्याच रुळांवर जपान्यांच्या ताब्यातले युद्धकैदी होते, मलायातून वेठीला धरून आणलेले हजारो तमिळ मजूर होते. ही गोष्ट पुढे ब्रिटनमध्ये मोकळेपणानं बोलली गेली. त्यासाठी वैमानिकांच्या आणि कैद्यांच्या, दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून पाहता आल्या.

पुण्याच्या 6 नंबर स्क्वॉड्रनचा जन्म ब्रिटिश काळातला, 1 डिसेंबर 1942 चा, तिरुचिरापल्लीचा. पहिले प्रमुख स्क्वॉड्रन लीडर मेहर सिंग. हीच तुकडी पुढे ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर हरिकेन विमानांनी टेहळणी करत होती. तेव्हाच्या भारतीय स्क्वॉड्रन्सच्या नोंदवह्याही क्यूलाच आहेत. म्हणजे पुण्यातल्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीला 1944 मध्ये या तुकडीनं आराकानात काय केलं हे वाचायचं असेल, तर ती आज रात्री घरी बसून वाचू शकते. त्याच तुकडीनं 1954 मध्ये तिच्या घरापासून दहा किलोमीटरवरच्या धावपट्टीवरून उडून काय केलं, हे मात्र तिला वाचता येत नाही. गुलामीतला आपला इतिहास लंडननं खुला केला आणि स्वातंत्र्यातला आपण कुलपात ठेवला. हे लिहितानाही मला लाज वाटते.

आता विमानांकडे पाहू. लिबरेटर आज जगात जेमतेम डझनभर शाबूत आहेत. त्यांतली सहा भारतीय हवाई दलाची. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. एक कॅनडाला ओटावात. त्याच्या बदल्यात कॅनडानं पालमसाठी लायसँडर विमान दिलं. एक 1969 मध्ये ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयाकडे गेलं. एक फ्लोरिडातल्या खासगी संग्रहात आहे. एकाचे सुटे भाग 1981 नंतर आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेला गेले, तिथं ते पुन्हा जोडलं आणि 1989 पासून पुढे तीन दशकं ते उडत राहिलं. एक 1974 च्या जुलैत स्वतः उडत इंग्लंडला गेलं आणि आज ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. पुण्यात एकही नाही. ही विमानं बाहेर गेली याचं मला दुःख नाही. ज्यांनी नेली त्यांनी ती जपली. आपण ती 1968 पर्यंत उडवत ठेवली म्हणून ती जपायला उरली. बाकी जगात तोवर ती भंगारात जाऊन त्यांच्या कढया झाल्या होत्या.

पालमच्या विमानाजवळ मी दोनदा गेलो आहे. उघड्यावर उभं आहे. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 110 फूट, पण पुढून मागपर्यंत इतका अरुंद की एवढं धूड त्याच्यावर तरंगत असेल हे पटत नाही. पोटाखाली वाकून पाहिलं की बॉम्ब ठेवायच्या जागेची दारं दिसतात. ती बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगाला लागून वर गुंडाळली जातात. आत मधोमध जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी. पुढून मागं जायचं तर माणसानं त्या पट्टीवरून, दोन्ही बाजूंच्या बॉम्बमधून, अंग चोरत जायचं. काकांनी मला या पट्टीबद्दल आधीच सांगितलं होतं. "जमिनीवर विमान उभं असतानासुद्धा पाय घसरायचा. वर हवेत कसं करत असतील!" पाटीवर विमानाचं नाव आणि आकडे आहेत. या विमानानं कुणाला घेऊन किती तास समुद्र पाहिला, ते पाटीवर नाही. संग्रहालयाचा त्यात दोष नाही. लिहायचं तर कशावरून लिहायचं?

काकांच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारा नंबर एचई 807. हेच ते इंग्लंडला गेलेलं विमान. ब्रिटिशांकडे त्याचा नंबर केएन 751 होता आणि 1945 मध्ये ते त्यांच्या 99 नंबरच्या, 'मद्रास प्रेसिडेन्सी' म्हणवणाऱ्या स्क्वॉड्रनमध्ये होतं. ही स्क्वॉड्रन त्या उन्हाळ्यात हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेली आणि जपान शरण आल्यावर कैद्यांच्या छावण्यांवर अन्न-औषधं टाकत होती. त्या काही महिन्यांचा हिशेब क्यूच्या वह्यांत दिवसवार आहे. त्यानंतरची वीस वर्षं, म्हणजे या विमानाचं जवळजवळ सगळं आयुष्य, आपल्याकडे गेलं. तो हिशेब क्यूला मिळणार नाही, तो आपल्याच कपाटात आहे. काकांना मी संगणकावर त्याचा फोटो दाखवला. छपराखाली, स्वच्छ, रंगवलेलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तीन नंबरच्या इंजिनाचं तेल गळायचं याच्या."

मी स्वतः एक प्रयत्न केला. काकांच्या नोकरीच्या वर्षांत त्यांच्या तुकडीची नोंदवही पाहायला मिळावी म्हणून एका कार्यालयाकडे रीतसर अर्ज दिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. मी पुन्हा लिहिलं, की विमान निवृत्त, रडार निवृत्त, माणसं निवृत्त, अर्धी वारलेली, यात सुरक्षा कसली? त्याला उत्तर आलं नाही.

सुरक्षेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. समुद्रावर कुठल्या मार्गानं, किती उंचीवरून, किती दिवसांनी गस्त घालतो, हे शत्रूला कळलं तर तो त्या मधल्या वेळेत येतो. 1960 मध्ये ही माहिती जिवाची होती. पण ही माहिती त्या यंत्राला बांधलेली असते. लिबरेटरच्या जागी एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं आली, 1976 मध्ये सागरी टेहळणीचं काम नौदलाकडे गेलं आणि पुढे वेगळी विमानं, वेगळी रडार, उपग्रह आले. त्यांतलं एक सुपर कॉन्स्टेलेशन आज गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल संग्रहालयात उभं आहे, पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. विमान दाखवायला ठेवलं आहे आणि ते काय करत होतं ते गुप्त आहे, याची संगती मला लावता येत नाही. ज्यात खरंच आजही काही नाजूक असेल, एखाद्या खबऱ्याचं नाव, शेजारी देशाबाबतची एखादी नोंद, ती पानं काळी करा. जगभर असंच करतात. पण चार पानांसाठी चार हजार पानं अडवून ठेवायची, हे कुणाच्या हिताचं?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. या वह्यांत चुका असणार. चुकीच्या हवामानात पाठवलेली विमानं, मिळाले नाहीत म्हणून जुनेच लावलेले सुटे भाग, टाळता आले असते असे अपघात. कुठल्याही हवाई दलाच्या वह्यांत ते असतं, ब्रिटिशांच्याही आहे, आणि म्हणूनच त्यांचा इतिहास भरवशाचा वाटतो. आपल्याला वाटतं की चूक दिसली तर मान कमी होईल. ज्या माणसांनी कानपूरच्या भंगारातून विमानं उभी केली, त्यांचा मान एखाद्या बिघाडाच्या नोंदीनं कमी होईल असं समजणं हा त्यांचा अपमान आहे. उलट, भंगारातल्या विमानाला पुढची वीस वर्षं, सुटे भाग बनायचे थांबल्यावरही, रोज सकाळी उडवणं किती कठीण होतं हे त्या बिघाडांच्या नोंदींतूनच कळेल. माझ्या मते तो पराक्रम 1948 च्या त्या उड्डाणांहून मोठा आहे, आणि तो वैमानिकांइतकाच फिटरांचा आहे. बखरीत फिटर येत नाहीत.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, 1997 चे नियम आहेत. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धांच्या इतिहासाबद्दल धोरणच जाहीर केलं. त्यात स्पष्ट आहे, की युद्ध-डायऱ्या, स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या वगैरे कागद मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे द्यायचे, साधारण 25 वर्षांनी ते खुले करायचे आणि तज्ज्ञांनी पाहून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायचे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनंही हीच शिफारस केली होती. हे धोरण आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण त्यात 'साधारण' हा शब्द आहे, आणि कागद खुले करण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या खात्यावर ठेवली आहे. ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच कुलूप कधी उघडायचं हे ठरवायला सांगितलं, तर तो घाई का करेल? शिवाय धोरणाचा भर युद्धांवर आहे. बहुतांश शांततेत अठरा वर्षं समुद्रावर गस्त घालणारी स्क्वॉड्रन कुठल्याच युद्धाच्या इतिहासात नीट बसत नाही. तिच्यासाठी समिती नेमली जाणार नाही.

माझी मागणी म्हणूनच लहान आहे. सगळं उघडा असं मी म्हणत नाही. 31 डिसेंबर 1968 पूर्वीच्या स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या, वेगळ्या समितीची वाट न पाहता, तारीख उलटली म्हणून खुल्या समजाव्यात. कुठलं पान रोखायचं असेल तर रोखणाऱ्यानं कारण लिहावं. मागणाऱ्यानं कारणं देत बसू नये. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' नावाचं संकेतस्थळ चालू आहे, त्यावर त्यांच्या प्रती चढवाव्यात. सुरुवात पुण्याच्या 6 नंबर स्क्वॉड्रनपासून करावी. एका तुकडीची अठरा वर्षं, काही कपाटं, काही महिन्यांचं काम. ज्यांनी त्या वह्यांत नोंदी केल्या त्यांतले थोडे लोक अजून आहेत. अक्षर लागत नसेल, एखादा संक्षेप कळत नसेल, तर ते सांगतील. पाच वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

परवा काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "झेरॉक्स काढून ठेव." मग चष्मा पुसत एक पान उघडून दाखवलं. 1964 ची एक तारीख, एचई 807, तीन नंबरचं इंजिन, नऊ प्लग. खाली पेन्सिलनं लिहिलं होतं: उशिरा आले.

"त्या दिवशी रात्री नऊपर्यंत आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे होतो," काका म्हणाले. "सगळ्यांनी आशा सोडली होती. का उशीर झाला, कुणी सांगितलं नाही. त्यांच्या वहीत लिहिलेलं असेल ना रे?"

असेल, काका, असं मी म्हणालो. आणि घरी येऊन तिसरा अर्ज लिहायला बसलो.